‘खाउजा’ एका दिवसात आलं नाही : थोडी पार्श्वभूमी

1991 चा विषय निघाला की आपल्याकडे लोक ‘खाउजा’ म्हणतात आणि मोकळे होतात. परकीय चलन संपत आलं, सोनं गहाण टाकलं, रुपयाची किंमत कमी केली हे सगळ्यांना माहितीये, ते परत सांगत नाही. मला बोलायचंय ते या शब्दाबद्दल. खासगीकरण, उदारीकरण आणि जागतिकीकरण या तीन वेगळ्या गोष्टी आपण एका गाठोड्यात बांधल्या, त्यामुळे कुठली कधी आली आणि कुणाच्या दारात आधी पोचली हेच दिसेनासं झालं. आणि कापूसवाल्यांचं नुकसान तर या क्रमानंच केलं.

आधीचं थोडक्यात. 1951 च्या कायद्यानं कारखान्याला लायसन लागायचं, काय बनवायचं आणि किती बनवायचं तेही दिल्लीत ठरायचं. 1956 च्या ठरावानं 17 उद्योग सरकारकडे राखून ठेवले. स्कूटर बुक केली की नंबर लागेपर्यंत पोरगं शाळेत जायला लागायचं, फोनचंही तेच.

आता 24 जुलै 1991. त्या दिवशीच्या औद्योगिक धोरणानं 18 उद्योग सोडून बाकी सगळ्यांचं लायसन काढून टाकलं, सरकारसाठी राखीव उद्योग 17 वरून 8 वर आणले, आणि 34 क्षेत्रांत 51 टक्क्यांपर्यंत परदेशी गुंतवणुकीला आपोआप मंजुरी दिली. मोठा निर्णय होता, त्यात वादच नाही. पण नीट बघितलं तर यातला बहुतेक भाग ‘उ’ आहे, सोबत ‘जा’ची सुरुवात. ‘खा’ यात जवळपास नाहीच. सरकारी कंपन्यांचे थोडेथोडे शेअर विकायला तेव्हा सुरुवात झाली, पण मालकी सरकारकडेच राहिली. कंपनीचा ताबाच खासगी हातात द्यायची पहिली मोठी विक्री झाली जानेवारी 2000 मध्ये, आणि तीही पाव बनवणाऱ्या एका सरकारी कंपनीची, 74 टक्के हिस्सा. म्हणजे पहिलं अक्षर साडेआठ वर्षं उशिरा आलं.

‘जा’चंही तसंच. आयात कराची कमाल मर्यादा 1991 ला 150 टक्के केली, 1995 पर्यंत ती 50 वर आली, पण रोजच्या वापरातल्या परदेशी वस्तूंवरची संख्येची बंधनं पूर्ण उठायला 1 एप्रिल 2001 उजाडलं. आणि खुद्द ‘उ’ तरी पूर्ण कुठे होता? छोट्या उद्योगांसाठी राखीव वस्तूंची यादी 1967 ला सुरू झाली होती, ती वाढत वाढत आठशेच्या वर गेली, आणि तिच्यातल्या शेवटच्या 20 वस्तू मोकळ्या झाल्या 2015 मध्ये. त्यात काय होतं बघा, लोणचं, पाव, मेणबत्त्या, काडेपेट्या, अगरबत्ती, वह्या, काचेच्या बांगड्या, कुलपं. ज्याला आपण 1991 म्हणतो ते लोणच्याच्या बरणीपर्यंत यायला 24 वर्षं लागली.

शब्दाच्या या घोळामुळे ‘खाउजानं गिरण्या बंद पाडल्या’ असंही सर्रास बोललं जातं. मुंबईतला संप 18 जानेवारी 1982 चा, गिरण्यांची घरघर त्याच्याही आधीची. 1991 ला गिरण्यांच्या बाबतीत जे घडलं तो होता मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम 58, म्हणजे गिरण्यांच्या जमिनीचं काय करायचं ते ठरवणारा नियम. त्याचा लायसन उठण्याशी संबंध नाही. गिरणी कामगारांवर अन्याय झाला हे शंभर टक्के खरं, पण तो कुठल्या कागदावर झाला हे धड सांगितलं नाही तर जबाबदार माणसं सुटतात.

आता कापूस. मी यवतमाळकडचा, त्यामुळे हे जास्त लिहिणार. महाराष्ट्रात 1972 पासून एकाधिकार खरेदी होती, कापूस विकायचा तर सरकारलाच. हेतू चांगला होता, व्यापाऱ्याच्या काट्यातून शेतकऱ्याला सोडवायचा. लहानपणी मी बाबांसोबत संकलन केंद्रावर गेलोय, गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत, दोन दोन रात्री गाडीखाली झोपायचं, बैलांचा कडबा घरूनच न्यायचा, आणि मग ग्रेडर येऊन मूठभर कापूस उपसून बघणार आणि एका शब्दात ग्रेड पाडणार. बाबा त्याच्याकडे बघत उभे राहायचे, बोलायचे काही नाहीत. चुकारा हप्त्यांनी यायचा, वर निधीच्या नावानं कपात. बाहेर भाव जास्त असला तरी राज्याबाहेर कापूस नेणं गुन्हा, म्हणून लोक रात्री पांढरकवड्याच्या पुढं सीमा ओलांडून आदिलाबादला गाड्या न्यायचे. स्वतःच्या शेतातला माल, आणि चोरासारखा न्यायचा.

1991 ला कारखानदाराचं लायसन गेलं, आमचं हे बंधन तसंच राहिलं. कच्च्या कापसाच्या निर्यातीवर 2001 पर्यंत कोटा होता. आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी परदेशातला कापूस मात्र कमी करात देशात उतरत होता. म्हणजे आमच्याकडे ‘जा’ आधी आला आणि ‘उ’ मागून, बाहेरच्याला आत यायला दार उघडं आणि आतल्याला बाहेर जायला बंद. शेतीमालाची बंधनं उठवा ही मागणी शेतकरी ऐंशीच्या दशकापासून रस्त्यावर उतरून करत होते, म्हणजे कारखानदारांसाठी दिल्लीला सुचलं त्याच्या कितीतरी आधी. काही जाणकार म्हणतात की एकाधिकारामुळे पडत्या वर्षांत हमी तरी मिळायची, आणि ते खोटं नाही, काही वर्षं सरकारनं तोटा सोसून भाव दिला. पण हमी द्यायला बंदी कशाला लागते? तुम्ही चांगला भाव द्या, शेतकरी आपणहून तुमच्याच काट्यावर येईल.

शेवटी 2002 ला राज्यानं खासगी व्यापाऱ्यांना कापूस घ्यायला परवानगी दिली. योजनेचा तोटा तोवर हजारो कोटींत गेला होता, तिजोरीला ते झेपेना म्हणून दार उघडलं. त्या हंगामात आमच्या बाबांनी तीस वर्षांत पहिल्यांदा दोन ठिकाणी भाव विचारला, आणि मग कापूस भरला.