गाजर पडद्यावर दिसले, पण तोंडात कसे जाणार?

‘गाजर डोळ्यांसाठी चांगले’ हे वाक्य पहिलीतले मूल घडाघडा म्हणून दाखवते आणि डब्यातले गाजर तसेच घरी परत आणते. आहारावरचे मुलांचे बरेचसे टीव्ही कार्यक्रम इथेच अडकतात. जीवनसत्त्वांची नावे पाठ होतात, जीभ मात्र ढिम्म हलत नाही.

साधारण दोन ते सहा या वयात अनोळखी चव नकोशी वाटणे स्वाभाविक असते. ती नावड समजावून जात नाही. त्याच भाजीचा घास आठ-दहा वेळा, काही मुलांच्या बाबतीत पंधरा वेळाही जिभेवर यावा लागतो. म्हणून टीव्हीकडून पोषणाचा धडा मागण्यापेक्षा पहिला घास मागावा.

वेल्समधल्या बँगर विद्यापीठात फर्गस लो आणि पॉलीन हॉर्न यांनी हे ओळखून ‘फूड ड्यूड्स’ हा उपक्रम बांधला. त्यात जेमतेम सहा मिनिटांचा एक, असे चित्रफितीचे सहा भाग. नायक म्हणजे बघणाऱ्यांपेक्षा थोडी मोठी चार मुले, खलनायक जनरल जंक. खरी गंमत पडद्याबाहेर होती. सोळा शालेय दिवस वर्गात रोज फळ आणि भाजी वाटली जाई. चाखले की स्टिकर, संपवले की छोटीशी वस्तू. सवय लागल्यावर बक्षिसे हळूहळू कमी करायची. पुढे हा उपक्रम आयर्लंडच्या शाळांतही गेला.

बक्षीस खाण्याचे नको, एवढे पथ्य पाळावे. ‘भाजी संपव, मग चॉकलेट’ म्हटले की मूल बरोबर उलटे शिकते: भाजी ही शिक्षा, चॉकलेट ही कमाई.

पटकथाकारांची आवडती चूक वेगळीच असते. आधी बंड्या ‘शी! पालक!’ म्हणून तोंड वाकडे करतो, शेवटी त्याला पटते. मोठ्यांना हा बदल कळतो. चार वर्षांच्या मुलाच्या लक्षात राहते ते वाकडे तोंड. बँगरच्याच एका प्रयोगात मुलांसमोर मुद्दाम निळ्या रंगाचे अनोळखी पदार्थ ठेवले होते. सोबत्यांनी ‘नको’ म्हटले की बघणारी मुलेही खाईनात, आणि नंतर कोणी आवडीने खाऊन दाखवले तरी तो नकार सहजी पुसला जात नव्हता. तेव्हा ‘शी’ पटकथेतून काढूनच टाकावी.

मग दाखवायचे काय? 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या अभ्यासात दहा ते बारा वर्षांच्या 125 मुलांना मुलांसाठीच्या पाककृती कार्यक्रमाचा दहा मिनिटांचा तुकडा दाखवला. पौष्टिक पदार्थांचा तुकडा पाहिलेल्यांनी नंतर चिप्सऐवजी सफरचंद किंवा काकडी उचलण्याची शक्यता अपौष्टिक पदार्थांचा तुकडा पाहिलेल्यांच्या सुमारे 2.7 पट होती. अर्थात ही निवड लगेचची. महिन्याभराने काय झाले, हे त्यातून कळत नाही.

आपल्याकडे हाच तुकडा कोशिंबिरीचा करता येईल. तिसरी-चौथीतली मुलगी गाजर किसते, दाण्याचे कूट घालते, लिंबू पिळते, फोडणी मात्र आजी देते. कॅमेरा तिच्या हातांवर. किसणीचा खर्र आवाज आणि फोडणीची चरचर स्पष्ट ऐकू यावी. एका भागात एकच भाजी. शेवटी तिने एक चमचा खावा, बस्स. ‘यात अ जीवनसत्त्व असते’ हे वर्गातल्या ताईंना नंतरही सांगता येते.

वर्गातही एक चमचाच वाढावा. वाटीभर कोशिंबीर बघूनच मूल मागे सरते. पाच वर्षांखालच्यांना कच्च्या गाजराचे तुकडे देऊ नयेत, घशात अडकतात; बारीक किसच द्यावा.

शाळकरी मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम बनवणाऱ्या पुण्याच्या बालचित्रवाणीचे कार्यक्रम दूरदर्शनच्या वेळेला बांधलेले असत, शाळेच्या जेवणाशी त्यांची सांगड घालणे अवघडच होते. आता चित्रफीत ताईंच्या मोबाइलवर असते. बुधवारी मेथी शिजणार असेल, तर मेथीचा भाग बुधवारीच लावावा, आणि तोही जेवणाआधी, पोटात भूक असताना.