फिनिश भाषेतील खाद्यशब्द

फिनिश (सुओमी) भाषेतील अन्न, धान्य, मसाले व स्वयंपाकाचे जिन्नस यांची नावे. ही भाषा युरालिक कुळातील आहे. एस्टोनियनशी तिचे जवळचे नाते आहे, हंगेरियनशी दूरचे. शेजारच्या स्वीडिश आणि रशियनशी मात्र नाते नाही, केवळ देवघेव आहे. ही देवघेव स्वयंपाकघरात ठळकपणे दिसते. कोणता शब्द मूळचा आणि कोणता बाहेरून आलेला हे कळले, की तो पदार्थ कुठल्या वाटेने ताटात आला याचाही बराचसा उलगडा होतो.

काला (मासा), वेसि (पाणी) आणि वोइ (लोणी) हे शब्द फार जुने. हंगेरियनमध्ये त्यांची भावंडे हाल, वीझ, वाय अशी आजही वापरात आहेत. शेतीचे शब्द मात्र बरेचसे उसने. लेइपॅ (पाव), रुइस (राय, म्हणजे गव्हासारखे एक धान्य), काउरा (ओट) आणि यूस्तो (चीज) प्राचीन जर्मानिक (स्वीडिश, जर्मन, इंग्रजी यांच्या कुळातल्या) भाषांतून आले. हेर्ने (वाटाणा) आणि लोहि (सामन मासा) बाल्टिक (लिथुआनियन, लॅटव्हियन यांच्या गटातल्या) भाषांतून. पूर्वेकडून, म्हणजे रशियनमधून, पीराक्का (सारण भरलेला भाजीव पदार्थ) आणि कीस्सेलि (बेरींच्या रसाचे, बटाट्याच्या स्टार्चने दाट केलेले गोड) आले.

सर्वांत मोठा थर स्वीडिशचा. 1809 पर्यंत फिनलंड स्वीडनच्या राज्यात होता आणि व्यापाराचा माल त्याच वाटेने येई. जुन्या फिनिश उच्चारात शब्दाच्या आरंभी जोडव्यंजन चालत नसे, म्हणून पहिले व्यंजन सरळ गळे आणि शेवटी बहुधा एखादा स्वर चिकटे. स्वीडिश ‘स्किंका’चे किंक्कु (हॅम) झाले, ‘स्पेनात’चे पिनात्ति (पालक), ‘प्लोम्मोन’चे लूमु (प्लम). ‘फ’सुद्धा मूळ फिनिशमध्ये नाही, म्हणून कॉफी झाली काह्वि. बटाट्याला पेरुना म्हणतात. हा शब्द नाशपातीच्या स्वीडिश नावावरून आला, कारण बटाट्याला तिकडे ‘जमिनीतली नाशपाती’ म्हणत.

मराठी वाचकाला मसाल्याच्या डब्यापाशी ओळखीचे चेहरे भेटतात. सोकेरि आणि आपली साखर दोन्ही संस्कृत ‘शर्करा’पासून निघालेल्या. पिप्पुरि (मिरी) ‘पिप्पली’पर्यंत पोहोचतो, आपण पिंपळी म्हणतो ती हीच, पण युरोपात जाता जाता नाव दुसऱ्याच मसाल्याला लागले. इंकिव्हॅरि (आले) हा ‘शृंगवेर’चा दूरचा वंशज. हे तिन्ही शब्द लॅटिन-ग्रीकसह अनेक भाषांतून फिरून, शेवटी स्वीडिशमार्गे फिनलंडला आले. मधमाशीचा शब्द याहून कितीतरी जुना आणि थेट: मेहिलॅइनेन हा इंडो-इराणी लोकांशी आलेल्या प्राचीन संपर्कातून मिळालेला मानतात, संस्कृत ‘मक्षिका’ आणि मराठी ‘माशी’ यांच्या नात्यातला. मेसि म्हणजे फुलातला मध, ‘मधु’चा सगोत्र, बाटलीतल्या मधाला मात्र हुनाया हा जर्मानिक शब्द आहे. वेलचीला कार्देमुम्मा म्हणतात. ती जाडसर कुटून पुल्ला या गोड पावाच्या कणकेत घालतात, आणि वेलचीचा वास नसलेला पुल्ला फिनिश माणसाला अपुरा वाटतो.

रानमेव्याच्या बाबतीत भाषा स्वयंपूर्ण आहे. बेरीला मार्या म्हणतात. मुस्ता म्हणजे काळा, त्यावरून मुस्तिक्का (रानटी ब्लूबेरी); त्याच धाटणीची पुओलुक्का (लिंगनबेरी, एक लाल आंबट बेरी) आणि मान्सिक्का (स्ट्रॉबेरी). दलदलीत उगवणाऱ्या पिवळसर-केशरी क्लाउडबेरीला तर प्रदेशागणिक वेगळे नाव: लाक्का, हिल्ला, सुओमुराइन. जंगल कोणाचेही असो, बेरी आणि अळंबी वेचण्याचा हक्क सर्वांना आहे; नावे अशी गावोगावची टिकली, त्यात या हक्काचाही वाटा असावा.

काही नावांना कायद्याचे कवच आहे. कार्यालानपीराक्का म्हणजे कारेलियाची (फिनलंड-रशिया सीमेवरच्या प्रदेशाची) पीराक्का: रायच्या पिठाची कागदासारखी पातळ पारी, मध्ये तांदळाची खीर, कडा चिमटीने चुण्या घालून दुमडलेल्या. कडक आचेवर भाजून वर लोणी फासतात आणि मुनावोइ, म्हणजे उकडलेले अंडे कुस्करून लोण्यात कालवलेले मिश्रण, लावून खातात. 2003 मध्ये युरोपीय संघाने या नावाला पारंपरिक पदार्थ म्हणून संरक्षण दिले. त्यामुळे ठरलेल्या कृतीत न बसणारा माल दुकानात रीसिपीराक्का (तांदळाची पीराक्का) या नावाने विकावा लागतो.

नवख्याला खरी अडचण येते ती विभक्तीने. पाककृतीत शब्द मूळ रूपात क्वचितच दिसतात. प्रमाण सांगताना अंशवाचक रूप लागते: दोन डेसिलिटर ‘माइतोआ’ (माइतो म्हणजे दूध), एक डेसिलिटर ‘वेत्तॅ’ (वेसि म्हणजे पाणी). पीठ वजनाने नव्हे, बहुधा डेसिलिटरने मोजतात. मोठा चमचा रुओकालुसिक्का, छोटा तेएलुसिक्का. शिवाय शब्द एकमेकांना जोडून लिहितात आणि जोडताना कधी व्यंजनही बदलते किंवा गळते. सिका म्हणजे डुक्कर, लिहा म्हणजे मांस, पण डुकराचे मांस ‘सिआनलिहा’; नाउता म्हणजे गुरे, पण बीफ ‘नाउदानलिहा’. शाकाहाऱ्याने शब्दाचे शेवटचे पद आधी वाचावे, कारण मुख्य अर्थ तिथे असतो. लीवाते (जिलेटिन) हा शब्दही लक्षात ठेवावा, कारण दिसायला निरुपद्रवी मिठाईत तो वारंवार आढळतो. वेष्टनांवर फिनिशसोबत स्वीडिश मजकूरही असतो, कारण दोन्ही राष्ट्रीय भाषा आहेत. इंग्रजी किंवा जर्मन येणाऱ्याला बऱ्याचदा तोच आधी उमगतो.