सांधा सैल हवा की भक्कम?

गळ्याच्या पायथ्याशी मधोमध एक खळगा असतो. त्याच्या उजव्या कडेला हाडाचं एक उंचवट्यासारखं टोक हाताला लागतं. त्यावर डाव्या हाताचं बोट ठेवा आणि उजवा हात सावकाश डोक्याच्या वर न्या. ते टोक बोटाखाली फिरताना, किंचित खाली-वर होताना स्पष्ट जाणवेल. गळपट्टीचं हाड आणि छातीचं मधलं हाड यांचा हा सांधा. खवाटा (खांद्यामागचं चपटं हाड), गळपट्टीचं हाड, दंडाचं हाड, कोपर ते मनगट या भागातली दोन आणि पंजातली २७, अशी एका बाजूच्या हाताची ३२ हाडं होतात. ही सगळी पलटण धडाच्या सांगाड्याला हाडाशी हाड अशी जोडलेली आहे ती फक्त या एका जागी. पाठीवरचा खवाटा बरगड्यांना जोडलेला आहे असं वाटतं खरं, पण तो स्नायूंच्या थरांत अडकवलेला असतो. बरगडीशी त्याचा सांधा नाहीच.

म्हणूनच तो सरकू शकतो. हात खालून थेट डोक्यावर नेला की साधारण १८० अंशांचा प्रवास होतो. त्यातले सुमारे १२० अंश खांद्याच्या सांध्यातून येतात आणि उरलेले ६० खवाटा स्वतः फिरून भरून काढतो. खांद्यात दंडाच्या हाडाचा गोल माथा ज्या वाटीत बसतो, ती वाटी इतकी उथळ आहे की एका वेळी माथ्याचा पाव ते तिसरा हिस्साच तिच्यात मावतो. बाकीचा माथा बाहेरच. त्याला जागेवर धरून ठेवायचं काम मुख्यतः भोवतालच्या चार लहान स्नायूंचं. ते थकले, फाटले किंवा हात उंचावलेला असताना मागे जोराचा हिसका बसला, की माथा वाटीबाहेर येतो, बहुतेक वेळा पुढच्या बाजूला. शरीरातल्या मोठ्या सांध्यांपैकी सर्वांत जास्त वेळा निखळतो तो खांदाच, यात नवल नाही.

खुबा घ्या. पाठ्यपुस्तकातल्या तक्त्यात खांदा आणि खुबा एकाच रकान्यात असतात: उखळीचा सांधा. पण खुब्याची उखळ खरोखरच उखळ आहे. कमरेच्या तीन हाडांचा मिलाफ होऊन ती तयार होते, मांडीच्या हाडाचा माथा तिच्यात खोल बसतो, काठाला कूर्चेची, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचिक थराची, कड असते आणि वरून अस्थिबंधांचं, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या चिवट पट्ट्यांचं, घट्ट आवरण. त्यातला पुढचा अस्थिबंध तर शरीरातला सर्वांत बळकट मानला जातो. निरोगी माणसाचा खुबा निखळायला वाहनाच्या अपघातासारखा मोठा आघात लागतो. आपण साधं चालतो तेव्हाही खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीनपट भार येतो, कारण एका पायावर तोल धरताना कमरेच्या बाजूचे स्नायूही सांध्याला जोरात ओढून धरतात. एवढा भार पेलणाऱ्या सांध्याला उथळ वाटी परवडणारी नव्हती. त्याची किंमत अर्थात मोजावी लागते. हात चहूबाजूंनी मोठ्या वर्तुळात फिरतो, पाय तसा फिरवून बघा.

सांध्यांचे प्रकार पाठ करायला माझी हरकत नाही, पण त्या यादीतून सांध्याचा स्वभाव कळत नाही. तो कळतो एकाच प्रश्नातून: या सांध्यानं हालचाल किती घेतली आणि तिच्यापोटी भक्कमपणा किती सोडला? या मोजपट्टीच्या एका टोकाला खांदा आहे, तर दुसऱ्या टोकाला कवटीच्या हाडांमधल्या नागमोडी शिवणी. त्या शिवणी म्हणजेही सांधेच, फक्त प्रौढ वयात जवळजवळ न हलणारे. जन्माच्या वेळी त्या मोकळ्या असतात, म्हणून बाळाचं डोकं जन्ममार्गातून येताना थोडं दबू शकतं आणि पुढे मेंदू वाढायला जागा मिळते. पुढची टाळू साधारण दीड-दोन वर्षांत भरते. बाळाची २७० ते ३०० हाडं मोठेपणी २०६ होतात तीही अशी एकमेकांना जुळूनच.

या दोन टोकांच्या मध्ये सर्वांत हुशारीची रचना कुठे असेल तर ती कोपरापासून मनगटापर्यंत. कोपराच्या टोकाशी बोट टेकवा आणि करंगळीच्या बाजूनं मनगटापर्यंत सरकवत न्या. एक हाड सलग, अगदी कातडीखालीच लागत जाईल. आता कोपर न हलवता तळहात वर करा, मग खाली करा. ते हाड जवळपास जागच्या जागीच राहतं. फिरतं ते अंगठ्याच्या बाजूचं दुसरं हाड. तळहात वर असताना दोन्ही हाडं शेजारी शेजारी समांतर असतात आणि तळहात उलटा केला की दुसरं हाड पहिल्याला ओलांडून तिरकं जातं, तेही पंजाला सोबत घेऊन. यामुळे कोपराचा बिजागरीसारखा सांधा भक्कम राहतो, त्याला फिरण्याची जोखीम घ्यावी लागत नाही, आणि तरीही कुलपात किल्ली फिरते.

फिरणाऱ्या हाडाचं कोपराकडचं टोक एका अस्थिबंधाच्या कड्यात बसवलेलं असतं. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांमध्ये ते टोक या कड्यातून सहज निसटू शकतं. मुलाला एका हाताला धरून एकदम वर ओढलं किंवा हातांना धरून गरगर फिरवलं, की मूल रडायला लागतं आणि तो हात हलवायचा बंद करतं. जाणकार डॉक्टर तो क्षणात बसवतात, पण मुलांना उचलायचं ते काखेतून धरून, हे लक्षात ठेवायला काय हरकत आहे?

हाडं आपण होऊन हलत नाहीत, त्यांना स्नायू हलवतात. आणि स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. म्हणून प्रत्येक हालचालीला उलट दिशेनं ओढणारा जोडीदार लागतो. दंडाच्या पुढचा स्नायू कोपर दुमडतो, मागचा सरळ करतो. पुढच्या स्नायूचं आणखी एक काम मात्र फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. कोपर काटकोनात दुमडून दुसऱ्या हातानं दंड धरा आणि मूठ आवळून तळहात जोरानं वरच्या बाजूला फिरवा. बेटकुळी टणक होते. उजव्या हातानं स्क्रू आवळताना हाच स्नायू मदतीला असतो, सैल करताना नसतो.

हा स्नायू जोडलेला असतो कोपरापासून जेमतेम चार-पाच सेंटिमीटरवर, आणि तळहात असतो तीस-पस्तीस सेंटिमीटर दूर. म्हणजे हातात एक किलो धरायला स्नायूला सात-आठ किलोंच्या वजनाइतकी ओढ लावावी लागते. ताकदीच्या हिशेबानं हा तोट्याचा व्यवहार. पण स्नायू थोडासा आखडला की पंजा कितीतरी लांब आणि वेगानं जातो. चेंडू फेकणं जमतं ते या ‘तोट्या’मुळे.

गुडघ्याची गोष्ट वेगळी. इथे हाडांनी मदत जवळजवळ केलेलीच नाही. मांडीच्या हाडाची दोन गोल टोकं नडगीच्या हाडाच्या सपाट माथ्यावर टेकलेली असतात. मध्ये कूर्चेच्या दोन चंद्रकोरी, आजूबाजूला आणि आत मिळून चार मुख्य अस्थिबंध, पुढून मांडीच्या स्नायूंचा आधार. खेळाडूंचे गुडघे का जातात ते यावरून समजावं: पाय जमिनीवर रोवलेला आणि शरीर वळलेलं, की तो सगळा पीळ या दोऱ्यांवर येतो. पण उभं राहण्यासाठी गुडघ्याकडे एक छान युक्ती आहे. पाय पूर्ण सरळ होताना शेवटच्या काही अंशांत नडगी मांडीच्या तुलनेत किंचित बाहेर वळते आणि सांधा कुलूप लागल्यासारखा बसतो. त्यामुळे ताठ उभं राहायला स्नायूंना फारसे कष्ट पडत नाहीत. वाकायच्या वेळी गुडघ्यामागचा एक छोटा स्नायू ते कुलूप उघडतो.

सांध्यात हाड हाडावर घासत नाही. टोकांवर काही मिलिमीटर जाडीची गुळगुळीत कूर्चा असते आणि सांध्याच्या पोकळीत थोडंसं चिकट वंगण. गुडघ्यासारख्या मोठ्या सांध्यातही ते मोजकेच मिलिलिटर भरतं. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. तिला पोषण मिळतं ते या द्रवातूनच. भार पडला की कूर्चेतला द्रव बाहेर येतो, भार उतरला की परत आत शिरतो. हालचालीनं सांधे झिजतात असं मानून निरोगी गुडघा जपून जपून वापरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवं. रक्तपुरवठा नसल्याची दुसरी बाजू अशी, की कूर्चेला झालेली इजा नीटशी भरून निघत नाही.

बोटं मोडल्यावर येणारा आवाजही या द्रवातलाच. सांधा ताणला की आतला दाब एकदम घटतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते. २०१५मध्ये एमआरआयखाली बोट ओढून संशोधकांनी ती तयार होताना टिपली. बोटं मोडली की संधिवात होतो, हे घरातल्या मोठ्यांचं बोलणं डोनाल्ड उंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी इतकं मनावर घेतलं, की त्यांनी पन्नास वर्षं रोज फक्त डाव्या हाताची बोटं मोडली आणि उजवा हात तुलनेसाठी तसाच ठेवला. १९९८मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला: संधिवात कुठल्याच हाताला नाही, दोन्ही हातांत फरक नाही. एका माणसावरचा प्रयोग म्हणजे पुरावा नव्हे, पण चिकाटीला दाद द्यावीच लागते. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिलं जाणारं इग्नोबेल पारितोषिक त्यांना २००९मध्ये मिळालं.

कूर्चेच्या उलट, हाड स्वतःला सतत नवं करत असतं. जुनं हाड खाणाऱ्या पेशी आणि नवं रचणाऱ्या पेशी यांचं काम जन्मभर चालू राहतं आणि प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहा टक्के भाग वर्षाकाठी बदलला जातो. नवं हाड कुठे रचायचं हे ठरतं भारावरून. १८६६च्या सुमारास झ्युरिकमध्ये हर्मान फॉन मायर या शरीररचनातज्ज्ञानं मांडीच्या हाडाचा उभा छेद दाखवला. माथ्याच्या आत जाळीदार हाडाच्या काड्या विशिष्ट कमानींमध्ये मांडलेल्या होत्या. कार्ल कुलमान या अभियंत्याच्या लक्षात आलं, की वाकड्या मानेच्या क्रेनमध्ये ताण आणि दाब ज्या रेषांवरून जातो, त्या रेषांशी या कमानी जुळतात. पुढे १८९२मध्ये युलियस वोल्फ यांनी याचा नियम मांडला: भार बदलला की हाडाची रचना बदलते. वोल्फ यांचं गणित तंतोतंत खरं नाही हे नंतर दिसलं, मूळ मुद्दा मात्र टिकला. टेनिसपटूंच्या रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्यापेक्षा जाड असतं. अंतराळवीरांच्या खुब्याच्या भागातलं हाड महिन्याला एक ते दीड टक्क्यानं घटतं, म्हणून त्यांना अवकाशस्थानकात रोज सुमारे दोन तास व्यायामाला द्यावे लागतात.

हाड असं सावरतं, कूर्चा सावरत नाही, म्हणून शेवटी सांधा बदलायची वेळ येते. कृत्रिम खुब्याचं आजचं रूप इंग्लंडमधले सर्जन जॉन चार्नली यांचं. त्यांनी आधी वाटीसाठी टेफ्लॉन वापरलं, ते फार लवकर झिजलं. १९६२मध्ये त्यांनी पॉलिथिलीनची वाटी आणि धातूचा गोळा असा सांधा बसवायला सुरुवात केली. नैसर्गिक माथ्याचा व्यास पंचेचाळीस-पन्नास मिलिमीटर असताना चार्नलींनी गोळा निवडला फक्त २२ मिलिमीटरचा. गोळा लहान, तर घर्षण आणि झीज कमी. पण गोळा लहान, तर तो वाटीबाहेर येण्याची भीतीही जास्त. चार्नलींनी झीज कमी होण्याला झुकतं माप दिलं. पुढे जास्त टिकाऊ पॉलिथिलीन आलं, झिजेची धास्ती कमी झाली आणि सर्जन मोठ्या गोळ्यांकडे वळले. आज ३२ किंवा ३६ मिलिमीटरचा गोळा सर्रास बसवला जातो.