ट्रफलच्या नादात सापडलेली मुळांवरची बुरशी

झाडाच्या मुळांशी जोडी जमवणाऱ्या मायकोरायझा बुरशीची पाकिटं आता द्राक्षवाल्यांपासून गच्चीत कुंड्या लावणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना माहीत झालीयेत, पण या बुरशीचा शोध ना शेतीसाठी लागला ना झाडांसाठी, तो लागला चक्क खाण्याच्या हौसेपायी. ट्रफल म्हणजे ती जमिनीखाली उगवणारी प्रचंड महागडी अळंबी, तिची लागवड आपल्याकडे करता येईल का बघा असं प्रशियाच्या सरकारने १८८०च्या दशकात बर्लिनच्या आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक या वनस्पतीशास्त्रज्ञाला सांगितलं. फ्रांक ओक, बीच, हेझल अशा झाडांची मुळं उकरून बघायला लागले आणि ट्रफल राहिलं बाजूलाच.

त्यांना दिसलं ते असं की या झाडांच्या बारीक मुळांची टोकं आखूड, जाडसर, त्यांना केसासारखे मूलरोम नाहीतच, आणि त्यावर बुरशीचा घट्ट मोजा चढवलेला. म्हणजे तिथे मूळ मातीला थेट टेकतच नाही, पाणी काय नि खनिजं काय, जे आत जायचं ते या थरातूनच जाणार. बरं हे एखाद्या आजारी झाडात नाही, चांगल्या धडधाकट झाडांमधे, जिथे बघाल तिथे. १८८५ मधे फ्रांकनी लिहिलं की ही बुरशी रोग नाही, ती झाडाची दूधआई आहे, झाडाला भरवते, आणि या जोडीला त्यांनी मायकोरायझा हे नाव दिलं.

लोकांनी अर्थातच मानलं नाही. तेव्हा बुरशी म्हणजे रोग हे समीकरण पक्कं होतं, आणि विरोधात उभे राहिले रॉबर्ट हार्टिग, झाडांच्या रोगांमधलं त्या काळातलं मोठं नाव. गंमत अशी की मुळाच्या पेशींच्या मधून जाणारं बुरशीचं जे जाळं आहे ते त्यांचे वडील थिओडोर हार्टिग यांनी १८४०च्या सुमारास स्वतः काढून ठेवलं होतं, फक्त ती बुरशी आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही. आज त्या जाळ्याला हार्टिग जाळंच म्हणतात! फ्रांकनी मग पाइनची रोपं काही जंगलातल्या मातीत आणि काही तापवून निर्जंतुक केलेल्या मातीत लावली, दुसरी खुरटली, पण तापवल्याने मातीत इतरही बदल होतात त्यामुळे शंका घ्यायला जागा राहिलीच. ती १९२०च्या दशकात स्वीडनच्या एलियास मेलिननी बरीचशी मिटवली, बुरशी वेगळी वाढवून, निर्जंतुक रोपाला लावून, जोडी जमवून दाखवली.

माझ्या मते मात्र प्रयोगशाळेपेक्षा जास्त पटवलं ते फसलेल्या लागवडींनी. पाइन जिथे मुळात नव्हतेच तिथे युरोप-अमेरिकेतून बी नेऊन पेरलं की रोपं उगवायची, पिवळी पडायची आणि तिथेच थांबायची. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या नर्सऱ्यांमधे १९२०च्या दशकात हेच झालं आणि जुन्या पाइनखालची माती आणून मिसळल्यावर रोपं सुधारली. पोर्टो रिकोत तर वर्षानुवर्षं प्रयत्न फसले, शेवटी १९५५ मधे नॉर्थ कॅरोलायनातल्या पाइनखालची माती आणली तेव्हा झाडं वाढायला लागली. बी आणलं होतं, जोडीदार तिकडेच राहिला होता.

नेमकं मिळतं काय, ते अमेरिकेत हॅच यांनी १९३७ मधे मोजून दाखवलं. बुरशीवाल्या पाइनच्या रोपांत फॉस्फरस ०.१९६ टक्के, बिनबुरशीच्यांत ०.०७४. फॉस्फरस मातीत जवळजवळ हलतच नाही, मुळाच्या लगतचा संपला की मूळ उपाशी, आणि बुरशीचे धागे इतके बारीक की मूळ पोचणार नाही अशा फटींत शिरून ते तो आणतात. बदल्यात झाड आपण बनवलेल्या साखरेतला वाटा देतं, फुकट काही नाही.

आता हे सगळं झालं बाहेरून दिसणाऱ्या प्रकाराचं, आपल्याकडे तो साल वृक्षाच्या जंगलात दिसतो, बस्तरमधे पावसाच्या सुरुवातीला बाजारात येणारा बोडा ही त्यातलीच बुरशी. आंबा, साग, डाळिंब, लिंबू, जास्वंद यांचा प्रकार वेगळा, बुरशी पेशीच्या आत शिरून झाडासारख्या फांद्या काढते आणि बाहेरून काहीच दिसत नाही, मूळ रंगवून मायक्रोस्कोपखाली बघावं लागतं. म्हणूनच त्याला उशीर झाला. इंग्लंडमधे बार्बरा मॉस यांनी १९५०च्या दशकात स्ट्रॉबेरी आणि सफरचंदाच्या रोपांवर काम केलं तेव्हा कुठे याकडे नीट लक्ष गेलं. आणि प्रकार म्हणावा तर सगळ्यात जुना हाच, स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनीच्या सुमारे ४० कोटी वर्षं जुन्या दगडात, ज्यांना धड मुळंही नव्हती अशा वनस्पतींच्या आत या फांद्या १९९४ मधे दाखवल्या गेल्या.

१९९७ मधे कॅनडाच्या सुझान सिमार्ड यांचा बर्च आणि डग्लस फर या झाडांमधल्या, बुरशीच्या धाग्यांतून होणाऱ्या कार्बनच्या देवघेवीचा पेपर आला आणि तिथून झाडं एकमेकांशी बोलतात वगैरे सुरू झालं. प्रयोग चांगला होता, पण त्यावर रचलेल्या गोष्टी फार पुढे गेल्या असं मला वाटतं, आणि २०२३ मधे याच विषयातल्या तीन संशोधकांनी पुरावे तपासून जवळपास तेच लिहिलं.

पाकिटाचं म्हणाल तर आत असते ती बहुतेक दुसऱ्या, पेशीच्या आत शिरणाऱ्या प्रकारची, आणि ती जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, त्यामुळे तयार करणं किचकट, आणि जुनं किंवा उन्हात पडलेलं पाकीट घेण्यात अर्थ नाही. डीएपी या फॉस्फरसवाल्या खताचा मारा असलेल्या जमिनीत झाड तिला फारसं आत घेत नाही, फॉस्फरस आयता मिळत असताना साखर कशाला देईल. आणि कोबी, फ्लॉवर, मोहरी ही मंडळी तर ही जोडी जमवतच नाहीत, त्यांच्या वाफ्यात टाकायला कोणी पाकीट विकत असेल तर घेऊ नका.