शिसपेन्सिलीतला हिवाळा आणि साताऱ्याची झाडं

हिवाळ्याचं निसर्गचित्र काढायला सांगितलं की आपल्याकडची मुलंही पानं झडलेलं झाड, मागे धूसर डोंगर आणि खाली कोरा सोडलेला कागद अशी मांडणी करतात. तो कोरा कागद म्हणजे बर्फ. सतराव्या शतकात डच चित्रकारांनी गोठलेला हिवाळा हा स्वतंत्र विषय केला, पेन्सिल त्यात बरीच उशिरा आली. युद्धामुळे फ्रान्सला इंग्लंडचं ग्रॅफाइट मिळेना, तेव्हा १७९५ मध्ये ग्रॅफाइटची पूड चिकणमातीत कालवून भाजायची रीत तिथे निघाली. माती जास्त घातली तर रेघ कडक आणि फिकी, कमी घातली तर मऊ आणि काळी. बारीक डहाळ्यांना कडक एच, खोडाला मऊ सिक्स बी, ही सोय त्यातून झाली.

मुंबईत १८५७ साली कलाशाळा सुरू झाली. तिथून पुढे वादाचा मुद्दा एकच: छापील नमुना गिरवायचा की बाहेर बसून झाड बघायचं? शाळांनी सोयीचं तेच केलं आणि गिरवणं जिंकलं. इलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांच्या स्मरणचित्रासाठीही मुलं एक ठरलेलं झाड पाठ करून जातात. ते झाड कुठलं, हे कुणी विचारत नाही.

साताऱ्यात हे फारच खटकतं. थंडीत दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात त्या महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठच्या, आणि तिथली जांभूळ, पिसा, अंजन ही झाडं तेव्हाही हिरवीगारच असतात. पानगळ दिसते ती खाली आणि पूर्वेला, माण-खटावच्या बाजूला. तीही मुख्यतः जमिनीतलं पाणी आटल्यामुळे, आणि तिचा भर पंचांगातल्या शिशिरात, म्हणजे माघ-फाल्गुनात. म्हणजे गारठा एकीकडे, ओकी झाडं दुसरीकडे. चित्रात मात्र दोन्ही एकाच चौकटीत.

औंधला चित्रकार राजानं १९३८ मध्ये संग्रहालय उभारलं, त्यामुळे चांगली चित्रं बघायला मुंबई गाठण्याची गरज जिल्ह्याला उरली नव्हती. तरी नमुन्याची सवय सुटली नाही. आता पुस्तकाच्या जागी मोबाइल आला, आणि त्यात सापडतो तो बहुधा परदेशी ओक.

खरं तर पेन्सिलीसाठी काटेसावरीइतकं सोयीचं झाड नाही. तिच्या फांद्या एकाच उंचीवरून चहूबाजूंना आडव्या फुटतात, मजले चढवल्यासारख्या. शिरीषाच्या वाळक्या शेंगा उघड्या फांद्यांवर लोंबत राहतात, त्या हलक्या एचनेच काढाव्या लागतात. सावरीचा मोसम मात्र थोडा: फेब्रुवारीत लाल फुलं आली की काम रंगपेटीकडे जातं.