‘चोडण’चे बारा बाइट

रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघत बसलो होतो. भाचीने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. फेरीच्या वेळा दाखवणारं वेबपान ती पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत करतेय. चाचणी म्हणून ‘चोडण’ या समोरच्या बेटाच्या नावाचा एकच शब्द पाठवला होता, पण ब्राउझरमध्ये दिसत होता नुसता ‘च’ आणि त्यापुढे एक प्रश्नचिन्ह. “मावशी, बाकीचं गेलं कुठे?”

पायथनचा प्रोग्रॅम ब्राउझरशी थेट बोलत नाही, मध्ये वेबसर्व्हर, म्हणजे पानं पुरवणारा प्रोग्रॅम असतो. या दोघांनी एकमेकांशी कसं बोलायचं, याचा करार फिलिप एबी यांनी २००३ मध्ये मांडला. त्याचं नाव डब्ल्यूएसजीआय (वेब सर्व्हर गेटवे इंटरफेस). पायथन ३ साठी तो २०१० मध्ये सुधारला गेला. करार अगदी छोटा आहे, आणि मला तो फार आवडतो. सर्व्हर प्रोग्रॅमला दोन गोष्टी देतो: विनंतीची माहिती आणि ‘स्टार्ट रिस्पॉन्स’ नावाचं फंक्शन. प्रोग्रॅमने आधी त्या फंक्शनला ‘२०० ओके’सारखी (म्हणजे ‘सगळं ठीक’) स्थिती आणि हेडर, म्हणजे मजकुराआधी जाणारी त्याची माहिती, सांगायचे, मग मजकूर बाइटच्या, म्हणजे संगणक साठवतो त्या छोट्या एककांच्या, तुकड्यांत परत द्यायचा.

हेडर लगेच रवाना होत नाहीत. मजकुराचा पहिला रिकामा नसलेला तुकडा हाती येईपर्यंत सर्व्हर ते धरून ठेवतो, म्हणजे तोवर काही बिघडलं तर ‘२००’ऐवजी ‘५००’, म्हणजे ‘सर्व्हरकडे चूक झाली’, पाठवता येतं. एकदा हेडर निघाले की मात्र शब्द फिरवता येत नाही.

भाचीने हेडरमध्ये मजकुराची लांबी सांगितली होती: ४. डोळ्यांना ‘चोडण’मध्ये तीन अक्षरं दिसतात. पायथन काना-मात्रा वेगळ्या मोजतो, म्हणून त्याच्या हिशेबी चार. पण यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे बारा. ब्राउझरने सांगितल्याप्रमाणे चारच बाइट घेतले: ‘च’चे तीन आणि ओकाराचा पहिला. त्या तुटक्या ओकाराचं झालं प्रश्नचिन्ह.

साध्या इंग्रजी मजकुरात अक्षर आणि बाइट यांची संख्या सारखीच भरते, त्यामुळे ही चूक तिथे वर्षानुवर्षं लपून राहू शकते. म्हणून माझा आग्रह असतो की कोणत्याही प्रोग्रॅमची पहिली चाचणी मराठी शब्दाने घ्यावी.

तिने मजकूर आधी बाइटमध्ये बदलला आणि मग मोजला. ‘चोडण’ अख्खं उमटलं. फेरीबोट धक्क्याला लागेपर्यंत तिने ‘म्हापसा’ही घालून पाहिलं: दिसायला तीन, पायथनला सात, बाइट एकवीस.