वऱ्हाडचा कापूस आणि जगाचा बाजार: १९९१ च्या खूप आधीपासून

जागतिकीकरण म्हटलं की लोकांना १९९१ आठवतं, मनमोहन सिंगांचं बजेट, मग केबल टीव्ही, कोक-पेप्सी वगैरे. पण अमरावती, अकोला, यवतमाळकडच्या शेतकऱ्याच्या दारात ते त्याच्या खापरपणजोबाच्या काळातच येऊन बसलंय, आणि ते बघितल्याशिवाय आजच्या कापसाच्या भावाचं काही कळत नाही.

१८५३ मध्ये इंग्रजांनी फौजेच्या खर्चाची थकबाकी पुढे करून निजामाकडून वऱ्हाड ताब्यात घेतला. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्यांचा तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस अमेरिकेतून यायचा, तिथली बंदरंच अडवली गेली, मग सगळे धावले मुंबईकडे. भाव असा चढला की मुंबईत समुद्र बुजवायच्या कंपन्यांचे शेअर घ्यायला झुंबड उडाली, प्रेमचंद रायचंद हा कापूस आणि शेअरचा व्यापारी त्या काळचा राजा माणूस, राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतला. १८६५ ला युद्ध संपलं, भाव आपटला, कंपन्या बुडाल्या आणि पाठोपाठ बँक ऑफ बॉम्बेसुद्धा.

ही मुंबईची गोष्ट सगळे सांगतात, गावांचं काय झालं ते फारसं कोणी सांगत नाही. भाव गेला पण व्यवस्था राहिली. १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली, १८६९ ला सुएझ कालवा झाला, १८७० ला खामगावचा रेल्वे फाटा उघडायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला, एका कापूस बाजारासाठी व्हाइसरॉय येतो म्हणजे बघा! जिनिंग-प्रेसिंग, म्हणजे सरकी काढून गाठी बांधायच्या गिरण्या, उभ्या राहिल्या, तारेवर इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या कापूस बाजाराचा भाव यायला लागला, सावकाराची उचल कापसावरच मिळायची म्हणून जास्त जास्त रान कापसाखाली गेलं. गाठी घेऊन जाणारी तीच रेल्वे परत येताना मँचेस्टरचं कापड आणायची, कोष्ट्यांचे माग बंद पडले, जी माणसं कापड विणत होती ती दुसऱ्याच्या रानात वेचणीला जायला लागली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात रेल्वे होती, पण धान्य विकत घ्यायला पैसा नव्हता, माणसं मेली.

आपली शकुंतला रेल्वे घ्या ना. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही नॅरोगेज लाइन ब्रिटिश कंपनीने कापसासाठीच टाकली, तिचं १९२१ सालचं वाफेचं इंजिनही मँचेस्टरमध्येच बनलेलं, आणि ते १९९४ पर्यंत धावत होतं. स्वातंत्र्यानंतर कितीतरी वर्षं लाइनची मालकी कंपनीकडेच.

मध्ये एकदाच शेतकरी आणि बाजार यांच्यात सरकार उभं राहिलं, १९७२ च्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेत, म्हणजे राज्यातला कापूस फक्त सरकारनेच विकत घ्यायचा. संकलन केंद्रावर गाड्यांच्या रांगा, कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरची मनमानी, उशिरा मिळणारे चुकारे (विकलेल्या कापसाचे पैसे), त्रास खूप होता हे खरंच आहे, पण मला वाटतं ती सुधारायला हवी होती, मोडायला नको होती. १९९५ ला डब्ल्यूटीओ (जागतिक व्यापार संघटना) आलं, २००२ ला बोंडअळीला तोंड देणारं, जनुक बदललेलं बीटी बियाणं आलं, साधारण त्याच सुमारास एकाधिकारही संपला. अमेरिका तिच्या शेतकऱ्यांना भरमसाट सबसिडी देते म्हणून जगात भाव पडतो अशी तक्रार ब्राझीलने डब्ल्यूटीओत केली आणि जिंकलीसुद्धा, २०१४ ला ३० कोटी डॉलर घेऊन तडजोड झाली, पण ते पैसे ब्राझीलला, यवतमाळला त्यातलं काय मिळणार?

आणि आपलं धोरण? मार्च २०१२ मध्ये गिरण्यांना कापूस कमी पडू नये म्हणून निर्यात बंद केली. ऑगस्ट २०२५ मध्ये ११ टक्के आयात शुल्क काढून टाकलं, तेही नवीन कापूस बाजारात यायच्या तोंडावर, आणि सप्टेंबरअखेरची मुदत पुढे थेट डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली, म्हणजे वेचणीचा जोर असतो ते सगळे महिने परदेशी गाठींना दार उघडं होतं.